रेतीवर भाजलेला पाय

पवनीला लोक नदी पाहायला जातात, देवळं पाहायला जातात, टेकडीवरचे जुने बौद्ध अवशेष पाहायला जातात. मी पाय करायला गेलो होतो.

हा पाय चालायचा नव्हे. मैदा आणि लोणी यांची खुसखुशीत पारी थाळीत पसरायची, तिच्यात फळांचं किंवा चीज घातलेलं तिखटमिठाचं सारण भरायचं, वरून दुसरी पारी घालून कडा मुरडायच्या आणि ते सगळं भट्टीत भाजायचं. आपल्या करंजीची ही थोरली, गोल, न तळलेली बहीण. माझी बायको वंदना हा पदार्थ फार चांगला करी. ती साताऱ्यात मुलींच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवायची आणि मी तिथेच एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. रविवारी सकाळी आमच्याकडे दोन पाय व्हायचे, एक गोड आणि एक तिखट. फळं चिरायचं काम माझं. पुढे तिची मनगटं दुखू लागली तेव्हा पारीही माझ्याकडे आली, आणि ती खुर्चीत बसून सूचना देऊ लागली. गेल्या हिवाळ्यात ती गेली. रविवार मी मोडलेला नाही.

वर्ष भरत आलं तसा पवनीहून सासूबाईंचा फोन आला. माहेरच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता, तुम्ही यावं म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता थांबल्या.

"वंदी दर रविवारी फोनवर सांगे, आज पाय केला म्हने. मले म्हने, आई, घरी येईन त तुले करून चारीन. थे राहूनच गेलं."

"आई, मी येऊन करतो," मी म्हणालो.

"तुमी?"

"मी."

"या मंग."

वंदनाचं एक काम राहिलं होतं आणि ते मला येत होतं. दुःखात असं काही हाताशी लागणं ही मोठी सोय असते. मी दोन उथळ थाळ्या, लोणी आणि मैदा बॅगेत भरला. चीज वाटेत नागपूरला घेतलं.

उमरेडच्या पुढे

रेल्वेचा प्रवास सांगण्यासारखा नव्हता. नागपूरहून पवनीची बस धरली आणि उमरेड मागे पडल्यावर मी पुस्तक मिटलं.

आमच्याकडे जमीन उभी राहते. कुठेही नजर टाका, समोर डोंगर आडवा येतो. इकडे जमीन निजलेली आहे. कापून झालेल्या धानाच्या बांध्या, त्यांच्या कडांना पळस, मधूनच एखादी बोडी, म्हणजे लहानसा तलाव, आणि तिच्या पाण्यावर शिंगाड्याची गर्द पानं. धान निघालेल्या रानात ओलीवर टाकलेली लाखोळी, इकडची एक डाळ, हिरवीगार उठली होती. तिची बारीक निळी फुलं बसच्या खिडकीतून दिसत नाहीत, हे मला ठाऊक होतं. लग्नानंतर पहिल्यांदा आलो तेव्हा वंदनाने बस थांबल्यावर मला खाली उतरवून ती दाखवली होती. या वेळी बस जिथे थांबली तिथे लाखोळी नव्हती. चहा होता, तो घेतला.

पवनी, पहिला दिवस

दारात साळा प्रकाश तांब्या घेऊन उभा होता. या घरात जावयाला पाय धुतल्याशिवाय आत घेत नाहीत, मग तो नव्या लग्नाचा असो की साठीचा. प्रकाश शेती करतो आणि बोलतो. दोन्ही भरपूर. त्याची बायको सुनीता शाळेत शिक्षिका आहे, ती मोजकं बोलते आणि नेमकं बोलते. सासूबाई, ज्यांना मीही आईच म्हणतो, आता ऐंशीच्या घरात आहेत. डोळ्यांना कमी दिसतं, कानांनी मात्र शेजारच्या घरातलं भांडणही ऐकू येतं.

जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि पोपटाची भाजी होती. पोपट म्हणजे वालाच्या कोवळ्या शेंगा. सुनीताने विचारलं, "भाऊजी, वरून सांबार टाकू?" आमच्याकडचा माणूस इथे गोंधळतो. सांबार म्हणजे कोथिंबीर आणि 'येऊन पाय' म्हणजे 'येऊन पाहा', हे धडे मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात घेतले होते, म्हणून या वेळी शांतपणे हो म्हणालो आणि मनातून थोडा फुशारलो. इकडची भाषा आपल्याला येते, असं वाटलं. ती समजूत संध्याकाळपर्यंत टिकली.

संध्याकाळी प्रकाश बाजारातून आला आणि त्याने एक जड पिशवी माझ्यासमोर ठेवली. बहिणीच्या नवऱ्याला इकडे भाटवे म्हणतात.

"घ्या भाटवे. ताजे हायेत. भाजून, घासून आनलो. आता पुढचं तुमचं काम."

मी पिशवीत डोकावलो. आत बकऱ्याचे पाय होते, खूर काढून स्वच्छ केलेले.

"हे कशाला?"

"कायले म्हंजे? पाय करनार ना तुमी?"

मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. स्वयंपाकघराच्या दारातून सुनीताने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"अहो, थो पाय वेगळा!" ती म्हणाली. "बेकरीतला राहते ना, केकसारखा? थो."

"केकसारखा पाय?" प्रकाश म्हणाला. "मंग इंग्रजीत सांगाव ना जी!"

"इंग्रजीतच सांगितलं होतं," मी म्हणालो.

प्रकाश खाली बसला आणि इतका हसला की शेजारच्या घरातलं भांडण थांबलं. मीही हसलो. हसता हसता पदार्थ समजावून सांगितला. मैदा, लोणी, फळं, चीज, भट्टी. सुनीताने पिशवी उचलून फ्रीजमध्ये टाकली. उद्या पुण्यानुमोदनाला भंतेजी यायचे, घरात शाकाहारी जेवण, त्यामुळे पायांना परवापर्यंत थांबणं भाग होतं.

आई हसल्या नव्हत्या. खाटेवर बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"दर रविवारी हाच?" त्यांनी विचारलं.

"हो आई."

"बकऱ्याचे नाई?"

"नाही. वंदनाला फोटो काढायचा कंटाळा. गरम आहे तोवर खा म्हणायची. नाहीतर तुम्हाला दिसला असता."

त्या बराच वेळ बोटांनी खाटेची पट्टी चाचपत राहिल्या.

"मी त साऱ्या मोहल्ल्यात सांगत होती," त्या म्हणाल्या. "माह्या पोरीले जवाई असा भेटला, का दर रविवारी पाये आनते. फोन ठेवला का मले रस्स्याचा वास येत जाय. वंदी चुलीपाशी बसली हाये, मोठ्या गंजात पाये शिजून राहिले, तुमी भाकर कुस्करून राहिले. असं दिसे मले."

एवढं बोलून त्या उठल्या आणि आत गेल्या. प्रकाशचं हसू विरलं. लेक तर गेलीच होती. इतकी वर्षं दूर बसून त्यांनी लेकीचा एक रविवार मनात मांडला होता, आता तोही गेला. आणि तो मोडणारा मी होतो, मैद्याचा डबा घेऊन आलेला.

दुसरा दिवस, पहाट ते ऊन

पहाटे आई माझ्या खाटेशी येऊन उभ्या राहिल्या.

"करा तुमचा पाय," म्हणाल्या. "पन मले काय मालूम, थो वंदीचाच हाये म्हनून? मी त कधी खाल्ला नाई."

प्रश्न रास्त होता. माझ्याकडे फक्त पाककृती होती.

पहिली अडचण भट्टीची. ती या घरात नाही, हे मी धरूनच आलो होतो. मोठ्या गंजात रेती तापवायची, तिच्यावर तिवई, तिवईवर थाळी आणि वरून जड परातीचं झाकण. वंदना विद्यार्थिनींना हे शिकवायची, कारण त्यांच्यातल्या पुष्कळजणींच्या घरी ओव्हन नसायचा. तेव्हा प्रकाशबरोबर नदीवर गेलो. वैनगंगा इथे रुंद आणि निवांत आहे. घाटाच्या पायऱ्यांवर एक म्हातारा दात घासत होता आणि पलीकडच्या काठावर धुकं अजून अंथरुणात होतं. आम्ही घमेलंभर स्वच्छ रेती भरून घेतली.

"भाटवे, रेतीच्या केसमंधी सापडाल हां," प्रकाश म्हणाला. "जवाई म्हनून कोनी सोडनार नाई."

"सांगू, पाय भाजायला नेतोय."

"मंग त येड्याच्या दवाखान्यात टाकतीन."

दुसरी अडचण मोठी होती. आईंनी मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडवलं.

"जवायानं चुलीपाशी बसाव? माह्या तोंडात शेन घालतीन लोकं."

मी खूप समजावलं. वंदना आणि मी वाटून काम करायचो, हेही सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "थे तुमच्या घरी. हे तिचं माहेर हाये." या वाक्यापुढे वाद नव्हता. शेवटी सुनीताने तोड काढली. अंगणात तीन विटांची चूल मांडायची. अंगण म्हणजे काही स्वयंपाकघर नव्हे. आईंनी थोडा विचार करून हे मान्य केलं, पण खुर्ची फाटकाशी टाकून रस्त्याकडे तोंड करून बसल्या, राखणीला बसावं तशा.

आमच्याकडे सासुरवाडीत एवढा मान कोणाला मिळत नाही. तिकडे मुलीच्या नवऱ्याला दुसऱ्या दिवशी सिलिंडर आणायला पाठवतात.

पारीचं पीठ मी परातीत घेतलं, थंड लोणी बोटांच्या टोकांनी त्यात चुरलं आणि पाणी शिंपडलं. सुनीता मदतीला आली. मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात तिने बाह्या सरसावल्या आणि पीठ पोळीच्या कणकेसारखं दणादण मळून गुळगुळीत करून ठेवलं.

"अहो, मळायचं नाही!" मी ओरडलोच.

"न मळता कधी पीठ झालं काय भाऊजी?"

"मळलं की पारी चिवट होते. लोण्याचे कण तसेच राहायला हवेत."

ती त्या गोळ्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिली. "आमच्या शाळेत पोरगं असं अर्धवट काम घेऊन आलं असतं ना, त मी त्याले उभं केलं असतं," ती म्हणाली. त्या गोळ्याच्या पोळ्या झाल्या, आणि फार छान झाल्या. मी नवं पीठ घेतलं.

गोड पायाला आमच्याकडे सफरचंद किंवा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. इथे बाजारात पिवळे, घमघमणारे पेरू होते आणि गावठी बोरं होती. पेरूच्या बिया काढल्या, बोरं शिजवून गाळली, त्यात थोडा गूळ आणि दालचिनी घातली. तिखटाच्या पायात पोपटाचे कोवळे दाणे, घरच्या दुधाचं पनीर, किसलेलं चीज, हिरवी मिरची आणि सांबार. वंदनाने ही दोन्ही सारणं कधी केली नव्हती. पण जिथे जाऊ तिथलं फळ घ्यायचं, हा तिचाच नियम. कोल्हापूरला तिने चिकूचा पाय केला होता.

पहिली थाळी रेतीवर गेली. झाकण उघडायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलं. प्रकाशने वास येतो का पाहायला ते उघडलं. सुनीताने प्रकाशला रागावायला म्हणून उघडलं आणि आतही पाहून घेतलं. शेजारच्या बाई वाटी मागायला आल्या, त्यांनी कोणालाही न विचारता उघडलं. मग प्रकाशला अपराधी वाटलं आणि भरपाई म्हणून त्याने चुलीत दोन जाड लाकडं सारली. परिणाम व्हायचा तोच झाला. खाली कोळसा, वर कच्चा मैदा.

फाटकातून एक ओळखीचे आजोबा डोकावले. "काय वं, जवायाले कामाले लावलं काय?"

"नाई जी," आई मान न वळवता म्हणाल्या. "रेती भाजून राहिले थे. पुन्याकडं तसंच करतेत."

आजोबांनी समजुतीने मान डोलावली आणि निघून गेले.

मी घाबरलो नव्हतो. जळलेले पाय मी पुष्कळ पाहिले आहेत. मोठी लाकडं ओढून काढली, रेती हलवून सपाट केली, आणि परातीवर निखारे पसरायला सांगितले, म्हणजे वरूनही आच लागेल. निखाऱ्यांमुळे झाकणाला कोणी हातही लावू शकणार नव्हतं. आई पहिल्यांदा खुर्ची वळवून बसल्या.

"पानात गुंडाळून कनकेचे पानगे असेच भाजतेत," त्या म्हणाल्या. "खालून आर, वरून आर."

त्यानंतर सगळे पाय नीट झाले. कडा बदामी, वर तांबूस फुगारा, चिरेतून पेरूचा रस थोडा उतू आलेला. मी ते ओळीने मांडले. साताऱ्याच्या ओव्हनमधल्या पायांपेक्षा त्यांना धुराचा वास जास्त होता, आणि तो त्यांना शोभत होता.

पुण्यानुमोदन

बैठकीत बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या, बाजूला वंदनाचा फोटो. त्रिसरण आणि पंचशील झालं. भंतेजी थोडंच बोलले. जे उत्पन्न होतं ते जातं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माणूस गेल्यावर आपण तेच वाक्य पुन्हा नव्याने शिकतो, असं ते म्हणाले. मी आयुष्यभर पुस्तकं हाताळली, पण हे वाक्य त्या दिवशी कानांनी ऐकताना वेगळं लागलं.

भंतेजींचं भोजन माध्यान्हीच्या आत व्हायला हवं. सुनीता लगबगीने वाढत होती. भात, वरण, भाजी झाली, आणि ती ताट घेऊन वाकली.

"भंतेजी, पाय घ्या ना जी."

भंतेजींचा हात थांबला. अख्खी बैठक थांबली. सुनीताच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"कशाचा?" भंतेजींनी शांतपणे विचारलं.

"पेरूचा जी!"

ते हसले, तशी सगळी बैठक हसली. वंदनाच्या फोटोसमोर एवढं हसू होईल असं मला वाटलं नव्हतं. भंतेजींनी तुकडा घेतला, मग तिखटाचाही घेतला.

पाहुणे जेवून पांगले. शेवटी आई जेवायला बसल्या. मी त्यांच्या ताटात दोन्ही तुकडे ठेवले आणि समोर बसलो. पहाटेचा त्यांचा प्रश्न आमच्या दोघांमध्ये तसाच होता. प्रकाश भिंतीला टेकून गप्प उभा होता, आणि प्रकाश गप्प आहे म्हणजे प्रसंग गंभीर आहे, हे त्या घरात सगळ्यांना कळतं.

त्यांनी आधी गोड पाय चाखला. "बरा हाये," म्हणाल्या. पाहुण्याच्या घरी म्हणावं तसं. मग तिखटाच्या पायाचा घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला.

"मीठ कमी हाये याच्यात."

"वंदना कमीच घालायची," मी म्हणालो. "मला हात आवरत नाही म्हणून तिने चमचा ठरवून दिलाय. तोच वापरतो."

आईंचा हात ताटातच राहिला.

"तिच्या बाबाले डाक्टरनं मीठ सोडाले लावलं होतं," त्या म्हणाल्या. "तवा शाळेत होती वंदी. तवापासून चुलीपाशी बसली का समद्यायचंच मीठ कमी. मी भांडत जाओ तिच्याशी. म्हनो, माय, मले काहून उपाशी मारतं? म्हने, आई, वरून घेनं तू, पन बाबाले वेगळं शिजवलं त त्यायले बिमार वाटन. मी रोज वरून मीठ घेऊन जेवली तिच्या हातचं." त्यांनी तुकड्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "तसंच हाये हे. वंदीचंच हाये."

सुनीता मिठाची वाटी घेऊन आली. आईंनी चिमूट घेतली, पायावर भुरभुरली आणि तो सगळा संपवला. मग दुसरा मागितला. मी उठून बाहेर अंगणात गेलो, रेती गार झाली का पाहायला. ती केव्हाच गार झाली होती, तरी मी थोडा वेळ तिथेच होतो.

परत आलो तेव्हा आई फोनवर होत्या. मोहाडीला त्यांची धाकटी बहीण असते, गुडघ्यांमुळे तिला येणं झालं नव्हतं.

"खाल्ला वं, वंदीचा पाय खाल्ला. जवायानं केला. नाई वं, बकऱ्याचा नाई. कोंबडीचाबी नाई. पेरूचा." पलीकडून बराच मोठा आवाज आला. "हो, पेरूचा पाय. पेरूले पाय नसतेत, मले मालूम हाये. अवं, रेतीवर भाजला. रेती खाल्ली नाई! आता कसं सांगू तुले?"

त्यांनी फोन कानापासून दूर धरला, माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि पुन्हा कानाला लावला.

"प्रकाश उद्या घेऊन येते तुह्यासाठी," त्या म्हणाल्या. "सांगून नाई समजनार बाई. तू खाऊन पाय."